दहा सेंटांची वही

१५ मे १९१८ रोजीं अमेरिकेंत वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या शहरांमध्यें विमानी टपालाची नियमित ने-आण सुरू झाली. समारंभास खुद्द अध्यक्ष विल्सन हजर होते. विमान कांहीं केल्या सुरू होईना. शेवटीं ध्यानांत आलें कीं, टांकींत पेट्रोलच नाहीं! तें भरल्यावर लेफ्टनंट जॉर्ज बॉइल यानें उड्डाण केलें खरें. परंतु ईशान्येस फिलाडेल्फियाकडे जाण्याऐवजीं रुळांच्या अनुरोधानें तो भलत्याच दिशेस, आग्नेयेकडे गेला आणि मेरिलंडमधील वॉल्डॉर्फ गांवाजवळच्या एका शेतांत त्याचें विमान उलटलें. टपाल मोटारीनें परत आणावें लागलें.

बॉइलजवळ नकाशा नव्हता असें नाहीं. पण त्या काळचे नकाशे जमिनीवरून चालणारासाठीं काढलेले होते. पायीं जाणारा वाट चुकला तर पारावरच्या म्हाताऱ्यास विचारतो. आकाशांत पार नाहीं आणि थांबून विचार करण्याची सोयही नाहीं. चालणारास टेकडी किती उंच आहे हें ठाऊक नसलें तरी चालतें. ढगांतून उडणारास त्या एका आंकड्यावांचून मरण येतें. १९२१ साली अमेरिकन टपाल खात्यानें वैमानिकांसाठीं एक मार्गदर्शिका छापली. तींत न्यूयॉर्कपासून सॅन फ्रॅन्सिस्कोपर्यंतच्या खुणा, नद्या, रूळ, गांवें, शब्दांनींच वर्णिल्या होत्या. त्याच वर्षीं २२ फेब्रुवारीच्या रात्रीं जॅक नाइट हा वैमानिक ओमाहाहून शिकागोस निघाला. हा टप्पा त्यानें पूर्वीं कधींही उडून पाहिला नव्हता. हातांत होता तो मोटारींसाठीं केलेला रस्त्यांचा नकाशा. खालीं शेतकऱ्यांनीं व टपालाच्या नोकरांनीं पेटविलेल्या होळ्या. सकाळीं तो सुखरूप पोंचला. पुढें याच मार्गावर सुमारें दर दहा मैलांस दिवे उभे राहिले व त्यांच्या पायथ्याशीं काँक्रीटचे मोठे पिवळे बाण बसविण्यांत आले.

परंतु दिवा वाट दाखवितो, धोका दाखवीत नाहीं. ही उणीव भरून काढली ती एल्रे जेपेसन या टपाल-वैमानिकानें. १९०७ साली जन्मलेला हा डॅनिश कुटुंबांतला मुलगा १९३० मध्यें बोइंग एअर ट्रान्सपोर्टमध्यें नोकरीस लागला. त्याच्या वांट्यास आलेला सॉल्ट लेक सिटी ते शायेन हा डोंगराळ मार्ग अत्यंत घातकी समजला जाई. हिंवाळ्यांत त्याचे सोबती एकामागून एक अपघातांत दगावूं लागले. जेपेसननें दहा सेंटांस सुट्या पानांची एक वही विकत घेतली आणि जें जें दिसेल तें तींत टिपण्यास आरंभ केला. उतरण्याचें मैदान किती लांब, कोणत्या बाजूस उतार, पावसानंतर पाणी कोठें सांचतें, जवळ तारा किंवा झाडें कोणती आहेत! फार काय, हवेची बातमी सांगूं शकेल अशा शेतकऱ्यांचे टेलिफोन क्रमांकही त्यानें लिहून ठेवले. सुटीच्या दिवशीं खिशांत उंचीमापक घालून तो टेकड्यांवर व धुराड्यांवर चढे आणि प्रत्येकाची उंची मोजी. हा खटाटोप पाहून कोणी हंसले असल्यास नवल नाहीं; परंतु थोड्याच दिवसांत सोबती त्या वहीची नक्कल मागूं लागले. १९३४ पासून तो तिच्या प्रती दहा डॉलरांस विकूं लागला.

सरकारी नकाशेही दरम्यान सुधारत होते. १९२७ मध्यें मार्गापुरते पट्टीसारखे नकाशे निघाले, तर १९३० पासून विभागवार नकाशे. त्यांवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पांच किलोमीटर. नवशिक्या वैमानिकास त्यांत विशेष जपावें लागतें तें उंच मनोऱ्यांच्या आंकड्यांस. मनोऱ्याशेजारीं दोन आंकडे असतात. समजा, पांच हजार फूट उंचीच्या पठारावर हजार फुटी मनोरा आहे. तेथें ६,००० हा आंकडा ठळक व १,००० हा कंसांत असतो. विमानांतील उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो, म्हणून जीव वांचवितो तो ठळक आंकडा. कंसांतला वाचून दोन हजार फुटांवर आपण निर्धास्त आहों असें मानणारास पठारच आडवें येईल.

धांवपट्टीवरचे मोठे पांढरे आंकडे हीही अशीच एक लिपि आहे. होकायंत्रानें दाखविलेली दिशा दहाच्या पटींत घेऊन शेवटचें शून्य गाळलें कीं पट्टीचें नांव झालें. मुंबईच्या मुख्य धांवपट्टीच्या एका टोंकास ०९ व दुसऱ्यास २७ आहे. पहिल्यावर उभ्या विमानाचें तोंड पूर्वेस, दुसऱ्यावर पश्चिमेस. चुंबकीय उत्तर मात्र स्थिर नाहीं. ती सरकते, आणि तिच्यामागोमाग हे आंकडेही बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड येथें २००९ साली ०५ व २३ पुसून ०४ व २२ रंगविण्यांत आले; पट्टी तसूभरही हलली नव्हती.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हां आंकड्यांचा प्रश्नच नव्हता. जुहू म्हणजे चिखलाचें मैदान. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई आणि विमानें पुण्यास येरवड्याला न्यावीं लागत.

शिकागोच्या १९४४ च्या करारानंतर या खुणांस जागतिक शिस्त लागली. १९४८ मध्यें नकाशांविषयीं व १९५१ मध्यें विमानतळांविषयीं आंतरराष्ट्रीय नियम मान्य झाले. पुढें माहितीच्या बदलांसाठीं अठ्ठावीस दिवसांचें चक्रही ठरलें. जेपेसनच्या वहीचीं पानें सुटीं होतीं तीं याचसाठीं: जुनें काढावें, नवें घालावें.

पान बदलण्यास उशीर झाला तर काय होतें, याचा दाखला केंटकींतील लेक्सिंग्टनचा. २७ ऑगस्ट २००६ च्या पहांटे अंधारांत एक प्रवासी विमान २२ क्रमांकाच्या सात हजार फुटी पट्टीऐवजीं २६ क्रमांकाच्या साडेतीन हजार फुटी पट्टीवर वळलें. विमानतळावर काम चालूं होतें. वाटा बदलल्या होत्या, आणि वैमानिकांजवळच्या नकाशांत तो बदल नीट आलेला नव्हता. तरीही समोर २६ हा आंकडा होता, आणि होकायंत्र २२० ऐवजीं २६० च्या जवळपास दाखवीत होतें. विमान पट्टी ओलांडून झाडांवर आदळलें. ५० पैकीं ४९ माणसें दगावलीं. वांचला तो एकटा सहवैमानिक. चौकशी मंडळानें वैमानिकांसाठीं केलेली शिफारस साधीच होती: पट्टीवर पाऊल टाकण्यापूर्वीं आपण नेमक्या त्याच पट्टीशीं आलों आहों, याची उलट तपासणी करावी.