दृश्य अग्निसूचक

दृश्य अग्निसूचक हे आग किंवा धूर आढळताच प्रखर, लखलखत्या प्रकाशाने धोक्याचा इशारा देणारे उपकरण आहे. कर्णबधिर व श्रवणदोष असलेल्या व्यक्तींना, तसेच ज्या ठिकाणी गोंगाटामुळे भोंगा ऐकू येत नाही तेथील सर्वांना आगीची वर्दी मिळावी हा त्याचा हेतू असतो. व्यवहारात त्याला ‘स्ट्रोब’ म्हणतात. भोंगा आणि स्ट्रोब एकाच पेटीत असल्यास त्यास ‘हूटर-स्ट्रोब’ असे नाव आहे. जाग्या माणसाला प्रकाशाचा इशारा पुरेसा ठरतो, परंतु झोपलेल्या माणसाला तो हमखास जागे करतोच असे नाही. त्यामुळे झोपण्याच्या जागी स्ट्रोबला कंपन देणाऱ्या उपकरणाची जोड देतात.

पार्श्वभूमी

घरगुती धूरसूचकाचा नेहमीचा आवाज सुमारे ३१०० हर्ट्झ इतक्या उच्च वारंवारितेचा असतो. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात उच्च वारंवारितेचे आवाज ऐकण्याची क्षमता प्रथम कमी होते. त्यामुळे समोरासमोरचे संभाषण बऱ्यापैकी समजणाऱ्या वृद्ध व्यक्तीलाही हा आवाज ऐकू न येण्याची शक्यता असते. श्रवणयंत्र वापरणारे लोक झोपताना ते काढून ठेवतात. कॉक्लियर इम्प्लांट केलेल्या व्यक्तीही रात्री बाहेरचा भाग सहसा उतरवून ठेवतात. म्हणजे ज्या वेळी आग सर्वांत उशिरा लक्षात येते, नेमक्या त्याच वेळी या व्यक्ती आवाजापासून पूर्णपणे तुटलेल्या असतात.

१० एप्रिल २००३ रोजी रशियातील दागेस्तान प्रजासत्ताकाच्या मखाचकला या राजधानीत कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेस पहाटे आग लागली. तीत किमान २८ मुलांचा मृत्यू झाला. झोपलेल्या मुलांना हाक मारून उठवणे शक्य नव्हते. एकेकाला हाताने हलवून जागे करावे लागले व काय घडत आहे हे खुणांनी सांगावे लागले.

रचना व कार्य

दृश्य अग्निसूचना यंत्रणेचे तीन भाग असतात: धूर किंवा उष्णता ओळखणारा शोधक, संकेत वाहून नेणारे नियंत्रण पॅनेल किंवा बिनतारी दुवा, आणि इशारा देणारे उपकरण. जुन्या स्ट्रोबमध्ये झेनॉन वायूची नळी असते. नव्या उपकरणांत एलईडी दिवे वापरतात. एलईडीला वीज कमी लागते.

प्रकाशाची तीव्रता ‘कँडेला’ या एककात मोजतात. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की पृष्ठभागावर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. त्यामुळे खोलीची बाजू दुप्पट झाल्यास दिव्याची तीव्रता चौपट करावी लागते. अमेरिकी मानकानुसार ६.१ मीटर बाजूच्या चौरस खोलीस भिंतीवरचा १५ कँडेलाचा एक स्ट्रोब पुरतो, तर १२.२ मीटर बाजूच्या खोलीस ६० कँडेलाचा स्ट्रोब लागतो. दोन्ही उदाहरणांत त्या अंतरावर सुमारे ०.४ लक्स इतका प्रकाश पोहोचतो.

प्रकार

इमारतीची एकत्रित यंत्रणा: कार्यालये, रुग्णालये, शाळा व हॉटेलांत सर्व स्ट्रोब मध्यवर्ती पॅनेलला जोडलेले असतात. एका मजल्यावरील शोधकाने वर्दी दिली की ठरवून दिलेल्या सर्व भागांतील दिवे लखलखू लागतात.

घरगुती संच: धूरसूचक, स्ट्रोब आणि कंपक एकमेकांस तारेने किंवा बिनतारी दुव्याने जोडलेले असतात. कंपक ही गादीखाली अथवा उशीखाली ठेवावयाची चकती असते.

आवाज ओळखणारे उपकरण: हे पलंगाजवळ ठेवतात. घरातील धूरसूचकाचा ठरावीक लयीतील आवाज (तीन ठोके, विराम, पुन्हा तीन ठोके) ओळखून ते दिवा आणि कंपक सुरू करते. जुनी यंत्रणा न बदलता ते वापरता येते. मात्र मूळ धूरसूचक फार लांब किंवा बंद दारापलीकडे असल्यास आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

मानके

अमेरिकेत १९९० च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’ या कायद्यानंतर सार्वजनिक इमारतींत दृश्य इशाऱ्याचा वापर वाढला. तेथील तांत्रिक नियम ‘एनएफपीए ७२’ या संहितेत आहेत. युरोपात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ईएन ५४-२३’ हे मानक लागू आहे. त्यात उपकरणांचे तीन वर्ग केले आहेत: भिंतीवरील (डब्ल्यू), छतावरील (सी) आणि उत्पादकाने स्वतः व्याप्ती जाहीर केलेले खुल्या वर्गातील (ओ). ‘डब्ल्यू-२.४-६’ अशी खूण असलेले उपकरण २.४ मीटर उंचीवर बसवल्यास ६ मीटर बाजूच्या चौरस क्षेत्रात ०.४ लक्स प्रकाश पुरवते. ब्रिटनमध्ये घरगुती संचांसाठी ‘बीएस ५४४६-३’ हे स्वतंत्र मानक आहे.

बसवण्याची पद्धत

एनएफपीए ७२ मधील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

• भिंतीवरील स्ट्रोब जमिनीपासून सुमारे २.०३ ते २.४४ मीटर उंचीवर असावा. याहून खाली बसवल्यास फर्निचर व माणसे आड येतात.
• लखलखाटाचा वेग सेकंदाला एक ते दोन वेळा इतका असावा.
• कॉरिडॉरमध्ये दोन स्ट्रोबमधील अंतर ३०.५ मीटरपेक्षा जास्त नसावे व टोकापासून ४.६ मीटरच्या आत एक स्ट्रोब असावा.
• झोपण्याच्या खोलीत उशीपासून ४.९ मीटरच्या आत स्ट्रोब असावा. तो छतापासून ६१ सेंटिमीटर किंवा त्याहून खाली असेल तर ११० कँडेला, आणि त्याहून छताजवळ असेल तर १७७ कँडेला तीव्रता लागते. धूर प्रथम छताखाली साचतो व दिव्याचा प्रकाश अडवतो, म्हणून वरच्या दिव्याची तीव्रता अधिक ठेवली आहे.
• एकाच वेळी दोनपेक्षा अधिक स्ट्रोब नजरेच्या टप्प्यात येत असतील तर ते सर्व एकाच क्षणी लखलखले पाहिजेत.

शेवटच्या अटीमागे आरोग्याचे कारण आहे. वेगवेगळ्या क्षणी लखलखणाऱ्या अनेक दिव्यांचा एकत्रित वेग वाढून प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तीस झटका येण्याचा धोका संभवतो.

जागा निवडताना कर्णबधिर व्यक्ती जेथे एकटी असू शकते अशा ठिकाणांचा विचार प्रथम करावा लागतो. स्वच्छतागृह, स्नानगृह, बैठकीची खोली, अभ्यासिका, ग्रंथालय व वसतिगृहातील खोली ही अशी ठिकाणे होत. इतरत्र सहकाऱ्यांची धावपळ पाहून धोका लक्षात येऊ शकतो; बंद दाराआड ती सोय नसते.

स्वयंपाकघरात धूरसूचक लावल्यास फोडणीच्या धुरानेही तो वाजतो. वारंवार खोटा इशारा मिळाल्यास घरातील लोक यंत्रणा बंद करून ठेवतात. म्हणून तेथे उष्णता शोधक बसवून धूरसूचक शयनगृहाजवळ व मार्गिकेत लावणे योग्य ठरते. देवघरातील धूप व उदबत्तीच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागते.

झोपलेल्या व्यक्तीस जागे करणे

झोपण्याच्या खोलीसाठी ११० कँडेला हे मूल्य अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने १९९१ मध्ये केलेल्या संशोधनावर आधारलेले आहे. पुढे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या डोरोथी ब्रुक व इयान थॉमस यांनी २००७ मध्ये अंशतः श्रवणदोष असलेल्या प्रौढांवर झोपेत प्रयोग केले. त्यांत ५२० हर्ट्झच्या चौकोनी तरंगाच्या आवाजाने ७५ डेसिबल किंवा त्याहून कमी पातळीवर ९२ टक्के व्यक्ती जाग्या झाल्या. नेहमीच्या ३१०० हर्ट्झच्या आवाजाने त्याच मर्यादेत सुमारे ५६ टक्के, कंपकाने सुमारे ८० टक्के, तर एकट्या स्ट्रोबने सुमारे २७ टक्केच व्यक्ती जाग्या झाल्या.

या निष्कर्षांनंतर एनएफपीए ७२ मध्ये झोपण्याच्या जागांसाठी कमी वारंवारितेच्या आवाजाची तरतूद करण्यात आली व ती १ जानेवारी २०१४ पासून लागू झाली. हा आवाज केवळ अंशतः ऐकू येणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. पूर्णतः कर्णबधिर व्यक्तीसाठी कंपक व स्ट्रोब एकत्र वापरणे आवश्यक ठरते. कंपक जागे करतो आणि लखलखता दिवा जाग येण्याचे कारण सांगतो. ज्यांना दिसतही नाही व ऐकूही येत नाही अशा व्यक्तींसाठी कंपन हाच मुख्य मार्ग उरतो.

वासाने जागे करण्याचेही प्रयोग झाले आहेत. वासाबी या तिखट जपानी वनस्पतीचा उग्र अर्क हवेत फवारून झोपलेल्यांना उठवणारा अग्निसूचक तयार करणाऱ्या जपानी संशोधकांना २०११ चे रसायनशास्त्राचे इग नोबेल पारितोषिक मिळाले.

वापर व देखभाल

कंपक गादीखाली खांद्याच्या रेषेत अथवा उशीखाली ठेवतात. गादी जाड असल्यास किंवा व्यक्ती जमिनीवर अंथरूण घालून झोपत असल्यास उशीखालची जागा अधिक योग्य असते. झोपेत हालचाल झाल्यावर चकती घसरू नये म्हणून ती उशीच्या अभ्र्याला पक्की करावी लागते. भ्रमणध्वनीचा गजर, दारावरची घंटा आणि आग यांसाठी एकच दिवा व एकच कंपक वापरला जात असेल, तर आगीचा संकेत इतरांहून स्पष्टपणे वेगळा असला पाहिजे.

घरगुती धूरसूचकाची चाचणी दरमहा बटण दाबून करावी व दहा वर्षांनी तो बदलावा, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. चाचणीच्या वेळी शोधकासोबत स्ट्रोब व कंपकही सुरू होतात की नाही हे पाहणे महत्त्वाचे असते. ऐकू येणाऱ्या व्यक्तीने भोंगा वाजल्याची खात्री करून चाचणी आटोपती घेतल्यास बंद पडलेला कंपक लक्षात येत नाही. वीजपुरवठा खंडित होण्याच्या काळातही यंत्रणा चालावी यासाठी स्ट्रोब व कंपक या दोहोंस बॅटरीचा आधार असावा लागतो.

भारतातील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणविषयक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५०.७ लाख होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती ‘कर्णबधिर’, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ‘ऐकू कमी येणारी’ मानली जाते. याच अधिनियमाच्या कलम ८ मध्ये धोक्याच्या व आपत्तीच्या प्रसंगी दिव्यांगांना समान संरक्षण देण्याची तरतूद आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या सार्वत्रिक सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत धोक्याचा इशारा ऐकू येणारा व दिसणारा अशा दोन्ही स्वरूपांत देण्याचा समावेश आहे.

महाराष्ट्रात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा बसवण्याची व ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते.

मर्यादा

स्ट्रोबचा प्रकाश भिंत, कपाट किंवा बंद दार ओलांडत नाही, त्यामुळे प्रत्येक खोलीस स्वतंत्र उपकरण लागते. भर उन्हाच्या उजेडात त्याचा प्रभाव घटतो. तसेच इशारा मिळाल्यानंतरची अडचण हे उपकरण दूर करीत नाही: ध्वनिक्षेपकावरील सूचना कर्णबधिर व्यक्तीस समजत नाहीत. म्हणून प्रकाशित बाणखुणा, लिखित सूचनाफलक, अग्निसरावात कर्णबधिरांचा सहभाग आणि प्रत्येकासोबत ठरवून दिलेला एक सहकारी ही योजना यंत्रणेस पूरक मानली जाते.

हे सुद्धा पाहा

• अग्निशमन
• कर्णबधिरता
• धूरसूचक
• भारतीय सांकेतिक भाषा