बॉक्सिंगची सांघिक लीग म्हणजे काय? महाड-पोलादपूरच्या पालकांसाठी सविस्तर माहिती

महाड आणि पोलादपूर तालुक्यात कबड्डी कुणाला शिकवावी लागत नाही. टेनिस बॉलचं क्रिकेटही गावोगाव चालतं. बॉक्सिंग मात्र आपल्याकडे मोबाइलवरून आलं. निखत झरीन विश्वविजेती झाली, नागपूरच्या अल्फिया पठाणने जागतिक युवा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, आणि आपल्या घरांतली मुलं-मुलीही 'आम्हाला ग्लोव्हज हवेत' म्हणू लागली. त्यात आता लीगची भर पडली. संघ, मालक, करार, पैसे. मग पालकांचे प्रश्न सुरू होतात. लीगमध्ये पैसे घेतले तर ऑलिम्पिकचा रस्ता बंद होतो का? डोक्याला मार लागतो त्याचं काय? मुलीला हिजाब घालून खेळता येतं का? आणि आपल्या दीनमध्ये हे चालतं का? या प्रश्नांची उत्तरं एका ठिकाणी मिळावीत म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

हौशी आणि व्यावसायिक: फरक कुठे?

हौशी बॉक्सिंग म्हणजे शाळा, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा आणि ऑलिम्पिकमध्ये खेळलं जाणारं बॉक्सिंग. यात लढत तीन-तीन मिनिटांच्या ३ फेऱ्यांची असते. अंगात बनियन असते, ग्लोव्हज जास्त भरावाचे असतात, आणि खेळाडू देशासाठी किंवा राज्यासाठी उतरतो.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये लढत ४ ते १२ फेऱ्यांची असते. उघड्या अंगाने खेळतात आणि लढतीमागे पैसे मिळतात. प्रवर्तक, म्हणजे प्रमोटर, लढत ठरवतो. मुहंमद अली यांचं उदाहरण घ्या. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांनी हौशी खेळाडू म्हणून सुवर्णपदक जिंकलं आणि त्याच वर्षी ते व्यावसायिक झाले. त्या काळात एकदा पैसे घेतले की परतीची वाट नव्हती. ऑलिम्पिक कायमचं बंद.

दोन्हींची सांगड: वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंग

ही भिंत पाडण्याचा मोठा प्रयोग २०१० मध्ये झाला. तेव्हाच्या जागतिक हौशी बॉक्सिंग संघटनेने, म्हणजे आयबाने, 'वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंग' नावाची सांघिक लीग सुरू केली. कल्पना साधी होती. खेळाडूला व्यावसायिकासारखा करार आणि मानधन द्यायचं, पण त्याची ऑलिम्पिकची पात्रता तशीच ठेवायची.

नियमही अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे होते. लढत तीन मिनिटांच्या ५ फेऱ्यांची, म्हणजे हौशीपेक्षा लांब आणि व्यावसायिक विजेतेपदाच्या लढतीपेक्षा आखूड. डोक्याला शिरस्त्राण नाही, अंगात बनियन नाही. गुण व्यावसायिक पद्धतीने: फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. हौशी बॉक्सिंगमध्ये तेव्हा पंच बटण दाबून ठोसे मोजत असत, त्यामुळे हा बदल मोठा होता.

सांघिक भाग कबड्डीप्रेमींना लगेच कळेल. पहिल्या हंगामांत एका सामन्यात ५ वजनगटांच्या ५ लढती होत: ५४, ६१, ७३ आणि ८५ किलोंपर्यंतचे चार गट, आणि पाचवा ९१ किलोंच्या वरचा. ज्या संघाने ३ लढती जिंकल्या, सामना त्याचा. म्हणजे तुमचा सर्वात चांगला खेळाडू जिंकला तरी संघ हरू शकतो. एकट्याच्या खेळाला संघाचं रूप दिलं ते असं. सामने आपल्या शहरात आणि परक्या शहरात, दोन्हीकडे व्हायचे. संघांत परदेशी खेळाडूही असत.

यात आपल्या महाराष्ट्राचंही नाव आहे. २०११-१२ च्या हंगामात 'मुंबई फायटर्स' हा संघ उतरला होता. पॅरिस, मॉस्को, बीजिंग, बाकू, मिलान अशा शहरांच्या संघांच्या पंक्तीत मुंबई बसली होती. पण पुढे भारतीय बॉक्सिंगवरच संकट आलं. डिसेंबर २०१२ मध्ये आयबाने भारतीय संघटनेला निलंबित केलं. संघटनेचा गोंधळ मिटून आजचा 'बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया' उभा राहायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात नुकसान खेळाडूंचं झालं. २०१८ मध्ये 'इंडियन टायगर्स' नावाने भारतीय संघ पुन्हा या लीगमध्ये आला, पण त्या हंगामानंतर लीगच बंद पडली.

मग तिचा उपयोग काय झाला? बराच झाला. लंडन २०१२ आणि रिओ २०१६ साठी काही खेळाडूंना याच लीगमधून ऑलिम्पिकची जागा मिळाली. युक्रेनचे ओलेक्सांद्र उसिक आणि वासिल लोमाचेंको या लीगमध्ये खेळले आणि नंतर व्यावसायिक जगज्जेते झाले. नियमांचा ओघही इकडून तिकडे गेला. २०१३ पासून हौशी बॉक्सिंगनेही १० गुणांची पद्धत घेतली आणि वरिष्ठ पुरुषांचं शिरस्त्राण काढलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपासून तर व्यावसायिक खेळाडूंनाही दार उघडलं.

भारतातल्या लीग

२०१७ मध्ये 'सुपर बॉक्सिंग लीग' दिल्लीत झाली. ती व्यावसायिक वळणाची होती. तिच्यामागे ब्रिटनचा बॉक्सर आमिर खान होता. त्याने २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकलं होतं. या लीगमध्ये 'मराठा योद्धाज' नावाचा संघही होता.

डिसेंबर २०१९ मध्ये बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या मान्यतेने 'बिग बाऊट' लीग झाली. ६ संघ, त्यात एक 'बॉम्बे बुलेट्स'. एका सामन्यात ७ लढती: ५ पुरुषांच्या, २ महिलांच्या. अंतिम सामन्यात गुजरातने पंजाबला ४-३ असं हरवलं. ४-३ या आकड्यातच या प्रकाराची मजा आहे, कारण शेवटच्या लढतीपर्यंत निकाल टांगलेला राहतो. पुढच्याच वर्षी कोरोना आला.

लीग म्हणजे निवड नव्हे

इथे निखत झरीनचं उदाहरण पालकांनी मुलांना जरूर सांगावं. तेलंगणातल्या निजामाबादची ही मुलगी बिग बाऊटमध्ये खेळली. पण ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेसाठी कोण जाणार, हे लीगने ठरवलं नाही. २८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीत निवड चाचणी झाली आणि मेरी कोमने तिला ९-१ असं हरवलं. निखत थांबली नाही. २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये नवी दिल्लीला ती विश्वविजेती झाली. लीगमुळे सराव, ओळख आणि पैसे मिळतात. भारताचा गणवेश मात्र निवड चाचणीतून मिळतो.

अल्फिया पठाणचा रस्ताही तोच. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किल्त्से इथे जागतिक युवा स्पर्धेत ८१ किलोंवरच्या गटात तिने सुवर्ण जिंकलं. महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरातली मुलगी हे करू शकते, हे तिने दाखवून दिलं.

हिजाबचा प्रश्न

पूर्वी नियम आड येत होता. अमेरिकेत २०१६ मध्ये अमाया झफर या मुलीला हिजाबमुळे लढतीतून बाद केलं गेलं. जर्मनीची झैना नासर यासाठी बरीच वर्षं झगडली. २०१९ मध्ये आयबाने नियम बदलून हिजाब आणि पूर्ण अंग झाकणाऱ्या पोशाखाला परवानगी दिली. पॅरिस २०२४ ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाची टिना रहिमी हिजाब घालून रिंगमध्ये उतरली. मुलीचं नाव नोंदवताना स्पर्धेच्या आयोजकांकडून पोशाखाचा नियम आधीच लेखी विचारून घ्या, म्हणजे ऐनवेळी वाद नको.

दीनचा प्रश्न

हा प्रश्न टाळून चालणार नाही. चेहऱ्यावर मारण्यापासून रोखणारी हदीस बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांत आहे. मक्केतल्या राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिकह परिषदेने १९८७ मध्ये आजच्या स्वरूपातलं बॉक्सिंग नाजायज ठरवलं, कारण त्यात समोरच्याला इजा करणं हाच हेतू असतो असं तिचं म्हणणं होतं. दुसरीकडे मुस्लिम देशांतले असंख्य खेळाडू हा खेळ खेळतात, आणि व्यायाम व स्वसंरक्षण म्हणून केलेला सराव वेगळा मानणारेही आहेत. आम्ही इथे फतवा देत नाही. आपापल्या उलेमांना विचारा, पण विचारताना सगळी माहिती द्या: नुसता बॅगवर सराव, शिरस्त्राण घालून हौशी लढत, की पैशांची लढत.

डोक्याचा मार आणि वजन

धोका खरा आहे. मुहंमद अली यांना १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं आणि २०१६ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत तो आजार सोबत राहिला. डोक्याला वारंवार बसणारे ठोसे मेंदूला बाधतात, हे वैद्यकशास्त्र सांगतं. शिरस्त्राणाने कापणं-फुटणं कमी होतं, पण आत मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. फेऱ्या वाढल्या की ठोसे वाढतात. म्हणून ३ फेऱ्यांची आणि ५ फेऱ्यांची लढत यात फरक फक्त दोनचा नाही.

डोक्यावरच्या ठोशाने लढत थांबली तर खेळाडूला किमान ३० दिवस विश्रांती, असा हौशी बॉक्सिंगचा नियम राहिला आहे. घरी आल्यावर मुलाला उलटी, सतत डोकेदुखी, गुंगी किंवा विसराळूपणा दिसला, तर 'झोपला की बरं वाटेल' म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या.

दुसरा धोका वजन उतरवण्याचा. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणं फार वाईट. रमजानमध्ये रोजा ठेवून वजन उतरवण्याचा प्रकार तर करूच नये. रोजाच्या दिवसांत सराव हलका ठेवा, जोडीदाराशी लढत टाळा.

महाड-पोलादपूरहून सुरुवात कशी?

मुंबई इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. रोज जाणं शक्य नाही. म्हणून पहिली पायरी शाळेची. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बॉक्सिंग आहे. शाळेतल्या क्रीडा शिक्षकांमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे चौकशी करा. तिथून जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. २०२१ च्या पुरात महाडमध्ये किती घरांची कागदपत्रं गेली, ते आपल्याला सांगायला नको. एक प्रत मोबाइलमध्ये आणि एक नातेवाइकांकडे असू द्या.

वरिष्ठ गट १९ वर्षांपासून सुरू होतो. त्याआधी कुणी 'लीगमध्ये घेतो' म्हणून पैसे मागितले तर सावध व्हा.

कराराची वेळ आलीच, तर सही करण्याआधी एवढं विचारा:

- या लीगला राष्ट्रीय संघटनेची मान्यता आहे का? मान्यता नसेल तर पुढे राष्ट्रीय स्पर्धेत अडचण येऊ शकते.
- लढत किती फेऱ्यांची, शिरस्त्राण आहे की नाही?
- जखमी झाल्यास दवाखान्याचा खर्च आणि विमा कुणाचा?
- मानधन कधी मिळणार? लीग मध्येच बंद पडली तर काय?
- करार किती वर्षांचा, आणि दुसरीकडे खेळायला मनाई आहे का?

आपल्याकडे कितीतरी घरांत वडील आखातात असतात आणि निर्णय फोनवर होतात. करार मराठीत समजून घ्या, फोटो काढून वडिलांना पाठवा, ओळखीच्या वकिलाला दाखवा. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

पुढे काय?

मधल्या काळात ऑलिम्पिकमधून बॉक्सिंगच जाणार अशी भीती होती. आयबाचं नाव पुढे आयबीए झालं होतं. तिची मान्यता आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जून २०२३ मध्ये काढून घेतली. आता 'वर्ल्ड बॉक्सिंग' ही नवी संघटना आहे आणि भारत तिचा सदस्य आहे. मार्च २०२५ मध्ये समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग ठेवण्याचा निर्णय केला. त्यामुळे रस्ता उघडा आहे. लीग येतात, बंद पडतात. वर्ल्ड सिरीज आठ हंगाम चालली आणि संपली. म्हणून मुलांनी शिक्षण सोडून लीगच्या भरवशावर बसू नये. शाळा, सराव आणि तब्येत ही तिन्ही सांभाळून जो पुढे जाईल, त्याला लीग आपणहून शोधत येईल.