हिरव्या चहांतील सत्त्वाचा प्रवास

चहाचें पान चुरगळलें कीं त्यांतील तुरट द्रव्यें आणि पानांतीलच एक किण्वद्रव्य एकत्र येतात. हवेंतील प्राणवायूशीं संयोग घडून पान तांबूस-काळें पडतें. हाच आपल्याकडील नेहमींचा काळा चहा. हिरवा चहा करावयाचा तर हा संयोग वेळींच थांबवावा लागतो. जपानांत उजी भागांतील नागातानी सोएन यानें १७३८ सालीं कोंवळीं पानें वाफवून, हातांनीं वळून वाळविण्याची रीत बसविली. वाफेच्या उष्णतेनें किण्वद्रव्य निकामी होतें आणि तुरट सत्त्व शाबूत राहतें. तें सत्त्व कोणतें, हें कळावयास मात्र आणखी जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. आणि तें एका स्त्रीच्या चिकाटीमुळें कळलें.

मिचियो त्सुजिमुरा यांचा जन्म १८८८ सालीं सैतामा प्रांतांत झाला. कांहीं वर्षें अध्यापन केल्यावर १९२० सालीं त्या होक्काइदो विद्यापीठांत संशोधनासाठीं गेल्या. तेथें स्त्रियांना विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता. म्हणून त्यांनीं बिनपगारी साहाय्यकाचें काम पत्करलें. पुढें त्या तोकियोच्या विद्यापीठांत आल्या, तों १९२३ च्या महाभूकंपांत तेथील प्रयोगशाळाच नष्ट झाली. मग रिकेन या संशोधनसंस्थेंत, तांदळाच्या कोंड्यांतील जीवनसत्त्वाचे संशोधक उमेतारो सुझुकी यांच्या हाताखालीं त्यांचें खरें कार्य सुरू झालें. १९२४ सालीं सेइतारो मिउरा यांच्यासह त्यांनीं हिरव्या चहांत क जीवनसत्त्व असल्याचें दाखविलें. १९२९ सालीं त्याच पानांतून कॅटेचिन हें द्रव्य वेगळें काढलें आणि १९३४ सालीं गॅलोकॅटेचिन. मधल्या काळांत, १९३२ सालीं, त्यांना कृषिशास्त्राची डॉक्टर ही पदवी मिळाली. ती मिळविणाऱ्या त्या जपानांतील पहिल्या स्त्री होत.

कॅटेचिन हें नांव परकें वाटलें तरी त्याचें मूळ आपल्या पानाच्या डब्यांत आहे. खैराच्या लांकडापासून काढलेल्या काताला युरोपांत ‘कॅटेचू’ म्हणूं लागले, आणि त्यांतील द्रव्य तें कॅटेचिन. गोव्यांत राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्टा यानें १५६३ सालीं तेथेंच छापलेल्या आपल्या ग्रंथांत काताचें वर्णन केलें आहे; आणि कोंकणांतील कातकरी जमातीचें नांवही या धंद्यावरूनच पडलें.

या द्रव्याचा गुण आणि दोष एकच आहे. प्राणवायूच्या माऱ्याला तें स्वतः प्रथम बळी पडतें, म्हणून शेजारचीं द्रव्यें वांचतात; यामुळें त्यास अँटिऑक्सिडंट म्हणतात. परंतु जें लवकर बळी पडतें तें फार काळ टिकत नाहीं. आम्ल रसांत कॅटेचिनें बरींच स्थिर असतात, म्हणून जठरांतून तीं बहुतांशीं सुखरूप पार पडतात. लहान आंतड्यांतील रस मात्र आम्ल नसतो, आणि तेथें त्यांची मोडतोड सुरू होते. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पचनाची ही क्रिया कृत्रिम रीतीनें भांड्यांत घडवून आणली, तेव्हां नुसत्या हिरव्या चहांतील २० टक्क्यांहूनही कमी कॅटेचिनें शिल्लक उरलीं. लिंबाचा रस घातला असतां मात्र सुमारें ८० टक्के टिकलीं, आणि क जीवनसत्त्व मिसळल्यानेंही पुष्कळ बचाव झाला. त्सुजिमुराबाईंनीं एकाच पानांत पांच वर्षांच्या अंतरानें दाखविलेलीं हीं दोन द्रव्यें अशा रीतीनें एकमेकांचीं रक्षक-रक्षित ठरलीं.

आंतड्यांतून जें शोषलें जातें त्याचीही स्थिति पालटते. आंतड्यांच्या आवरणांत आणि यकृतांत बहुतेक कॅटेचिनांना इतर द्रव्यें जोडलीं जातात. चहा प्याल्यावर साधारण दीड ते अडीच तासांनीं त्यांचें रक्तांतील प्रमाण सर्वांत अधिक असतें, आणि पुढें तें झपाट्यानें उतरतें. शोषलें न गेलेलें मोठ्या आंतड्यांत जातें. तेथील सूक्ष्म जंतू त्याचे तुकडे करतात आणि त्यांतील कांहीं पुन्हां रक्तांत शिरतात. म्हणजे पेल्यांतील द्रव्य आणि रक्तांतील द्रव्य एक नव्हे. परीक्षानळींत दिसलेला पराक्रम शरीरांतही तसाच घडतो, असें समजणें म्हणूनच धाडसाचें आहे.

या धाडसाची किंमत कधीं कधीं द्यावी लागते. पेयांतून अल्प मिळणारें सत्त्व गोळ्यांतून एकदम भरपूर घ्यावें, ही कल्पना मोहक खरी. परंतु २०१८ सालीं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें असा निष्कर्ष काढला कीं, चहांतील प्रमुख कॅटेचिन गोळ्यांच्या रूपानें दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याचीं चिन्हें दिसूं लागतात. साध्या रीतीनें केलेला चहा मात्र तिनें सामान्यतः निर्धोक ठरविला.

त्सुजिमुराबाई १९६९ सालीं वारल्या. त्यांनीं पानांतून एकेक द्रव्य शोधून काढलें, परंतु तें सर्व रोगांवरील औषध आहे असा गाजावाजा केला नाहीं. चहाच्या डब्यावरील जाहिरात वाचतांना त्यांचा हा संयम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.