परम ८०००

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेला समांतर महासंगणक. ‘पॅरलल मशीन’चे हे लघुरूप, मराठी कानाला मात्र ते आपलेच वाटते.

अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे क्रे कंपनीचा मोठा महासंगणक भारताला मिळेना. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि मूळचे अकोला जिल्ह्यातील विजय भटकर तिचे प्रमुख झाले. एकच अतिवेगवान प्रोसेसर देशात घडवणे आवाक्याबाहेर होते. मोहालीचा चिप कारखानाही १९८९ मध्ये आगीत सापडला. तेव्हा बाजारातले प्रोसेसर विकत घेऊन ते मोठ्या संख्येने जोडायचे ठरले.

अडचण अशी, की त्या काळचे बहुतेक प्रोसेसर एकट्याने राबण्यासाठीच घडवलेले. शेजाऱ्याशी बोलण्याची सोय बाहेरून करावी लागे. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीने ती चिपवरच केली. तिच्या टी८०० या ‘ट्रान्स्प्युटर’ प्रोसेसरला चार लिंक होत्या. चार शेजाऱ्यांना चार जोडण्या दिल्या, की मधे दुसऱ्या चिपची गरज न लागता जाळे विणले जाई. परम ८००० उभा राहिला तो या चार लिंकांवर.

पण दुसऱ्याच्या चिपवर घर बांधले, की त्याचे वेळापत्रकही आपले होते. इनमॉसचा पुढचा टी९००० लांबतच गेला आणि ठरलेला वेग त्याला गाठता आला नाही. पुण्याने त्याच्यावर भिस्त ठेवली नाही. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला, १९९४ च्या परम ९००० मध्ये सुपरस्पार्क.

आता जोडणीची सोय मिळते, पण दाम मोजून. एएमडीच्या एपिक मालिकेतील ‘पी’ अक्षराचे प्रोसेसर बोर्डावर एकेकटेच चालतात आणि स्वस्त पडतात. जोडीने चालणारे महाग. हा भेद तंत्रापेक्षा विक्रीचाच अधिक. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानविज्ञान संस्थेतील ‘अर्का’ महासंगणक (२०२४, ११.७७ पेटाफ्लॉप) एपिकवरच चालतो. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढले, त्यामुळे एपिकचे कोर घडतात तैवानच्या टीएसएमसीत. सी-डॅकने आखलेला ९६ कोरचा ‘औम’ प्रोसेसरही तिथेच बनवून घ्यायचा आहे.

२०२५ मध्ये ‘अर्का’वरील देशव्यापी हवामान अंदाजाची चौकट १२ किलोमीटरांवरून ६ वर आली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पेरणी करावी की थांबावे, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याला शहर आणि दहा किलोमीटरवरचे शिवार वेगळे दिसणे महत्त्वाचे असते.