समुद्रतळींच्या दऱ्या आणि सह्याद्रिखंड

सन 1877 त डॉ. जेर्सन दा कुन्हा यांनीं अनेक हस्तलिखितें ताडून सह्याद्रिखंड मुंबईस छापिलें. परशुरामानें समुद्र हटवून कोंकण निर्मिलें, ही कथा त्यांत आहे. पुढच्याच वर्षीं मुंबईस प्रिन्सेस डॉकचें खोदकाम चालू असतां चिखलाखालीं शेकडों झाडें सांपडलीं, त्यांपैकीं पुष्कळ मुळांवर उभीं होतीं. पोथी म्हणते, भूमि समुद्रांतून वर आली; झाडें म्हणतात, ती पाण्याखालीं गेली.

या वादांत आतां सोनार हें यंत्र साक्षीस आलें आहे. जहाजावरून ध्वनि सोडावयाचा आणि तळावर आदळून परतण्यास लागलेला वेळ मोजावयाचा. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें 1500 मीटर जातो; तो सेकंदाच्या दशांशांत परतला, तर खोली 75 मीटर. पंख्यासारखे अनेक ध्वनिकिरण सोडले म्हणजे तळाचा रुंद पट्टाच नकाशांत उतरतो. खालच्या स्वराचा ध्वनि तर गाळांत शिरून बुजलेलीं नदीपात्रेंहि दाखवितो. खोडलेल्या ओळीचीं अक्षरें पान उजेडांत धरून वाचावीं, तसाच हा प्रकार.

सुमारें 20000 वर्षांपूर्वीं समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें 120 मीटर खालीं होती. मुंबईसमोरचा उथळ तळ सुमारें 300 किलोमीटर रुंद आहे. त्याचा बहुतेक भाग तेव्हां कोरडा होता आणि नद्या त्यावरून दूरवर वाहत. त्यांच्या बुजलेल्या दऱ्या पश्चिम किनाऱ्यासमोर आढळल्या आहेत. येथवर यंत्राची साक्ष झाडांच्या बाजूची दिसते. मात्र डॉकाजवळची भूमि खचली कीं पाणी चढलें, हें नुसत्या दरीच्या आकारावरून ठरत नाहीं.

सोनार आकार सांगतो, शक सांगत नाहीं. 2001 सालीं खंबायतच्या आखातांत अशाच ध्वनिचित्रांत चौकोनी आकृति दिसल्या आणि बुडालेल्या नगराची हाकाटी झाली. तळ खरवडून वर काढलेल्या वस्तूंत सुमारें 9500 वर्षांचें एक लांकूड निघालें. पण तेथील भरतीचा ओघ प्रचंड. लांकूड कोठून वाहत आलें, कोणत्या थरांतलें, हें कोण सांगणार? रुमालांतून सुटलेल्या एका पानावरून सबंध बाडाचा काळ ठरविण्यासारखें हें झालें. आमच्या मतें तो पुरावा अग्राह्य आहे.

तोच न्याय पोथीसहि लावणें प्राप्त आहे. परशुरामकथेचा पाठ केव्हांचा, हें ठरल्यावांचून तिला भूगर्भाची आठवण म्हणणें किंवा निव्वळ कल्पना म्हणणें, दोन्ही घाईचें होय. येथें कळमेश्वरास आम्हांस छापील प्रतीवरच भागवावें लागतें. ज्यांच्या संग्रहीं सह्याद्रिखंडाच्या जुन्या प्रती असतील, त्यांनीं या अध्यायांतील पाठभेद व पुष्पिकेंतील लेखनशक उतरून कळवावेत, अशी विनंती आहे.