निकालाआधीचे पंधरा तास : एका लेबलाचा घटनाक्रम

संस्था काल्पनिक आहे. यातला प्रत्येक तांत्रिक टप्पा मात्र रेड हॅट परिवारातल्या कुठल्याही लिनक्स सर्व्हरवर असाच घडू शकतो. दुपारी १ वाजता परीक्षेचा निकाल ऑनलाइन लागणार आहे.

रात्री १०:०० | १५ तास बाकी
मूळ डिस्क भरत आलीय. ९ वाजताचा बॅकअप हाताशी आहे. डेटाबेस थांबवून सगळ्या फायली नव्या डिस्कवर, ‘/डेटा’ फोल्डरात हलवतात आणि जुनी प्रत पुसून टाकतात.

११:१० | १३ तास ५० मिनिटं
डेटाबेस सुरू होत नाही. संदेश एकच: परवानगी नाकारली. मालक बरोबर, परवानग्या बरोबर. शेवटी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन पाहतात, तरी ढिम्म. नकार देतंय ते एसईलिनक्स, आणि त्याचा निर्णय नेहमीच्या परवानग्यांपेक्षा वेगळा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली खुली केलेली ही व्यवस्था २००३ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली. फायलीचा मालक कोण, याच्याशी तिला देणंघेणं नाही. चालू सेवेचं लेबल आणि फायलीचं लेबल ही जोडी धोरणात बसते का, एवढंच ती पाहते.

११:४० | १३ तास २० मिनिटं
कोणाला तरी लेबलाचं आठवतं. ‘सीएचकॉन’ आज्ञेने नव्या फोल्डरावर डेटाबेसचं लेबल लावतात. सेवा लगेच सुरू होते आणि सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात. अनर्थाचं बी इथेच पडलं. सीएचकॉन लेबल फक्त फायलीवर लिहितं, धोरणाच्या नोंदवहीत नाही. शेताच्या बांधावर पाटी ठोकली, पण सातबाऱ्यावर नाव चढवलंच नाही.

पहाटे ४:०० | ९ तास
फेरतपासणीत बदललेले गुण रात्रभर भरले जातात. ते आता फक्त नव्या डिस्कवर आहेत.

सकाळी ९:३० | साडेतीन तास
रात्री घाईत बदललेला रूट पासवर्ड सकाळच्या पाळीला ठाऊक नाही. रात्रपाळीचा फोन बंद. सर्व्हर बंद-चालू करून, बूट मध्येच थांबवून पासवर्ड बदलला जातो. प्रशासक नियमाप्रमाणे ‘ऑटोरीलेबल’ची, म्हणजे बूट होताना सगळ्या फायलींना नव्याने लेबलं लावायला सांगणारी फाईलही तयार करतो. ती न केल्यास पासवर्डची फाईल बिनलेबलची राहते आणि कोणालाच लॉगिन करता येत नाही. त्याचं काही चुकलेलं नाही.

१०:४० | २ तास २० मिनिटं
लाखो फायलींवर धोरणाप्रमाणे लेबलं लागून संपतात. ‘/डेटा’बद्दल धोरणात नोंद नसल्याने तिथे ‘डिफॉल्ट_टी’ हे सरसकट लेबल बसतं. डेटाबेस पुन्हा बंद.

११:३० | दीड तास
निदान होतं: नव्या डिस्कवरचा डेटा खराब झाला. रात्री ९ चा बॅकअप मूळ जागी उतरवतात आणि सेवा चालू होते. त्या जागेची नोंद धोरणात पहिल्यापासून आहे, म्हणून लेबल आपोआप बरोबर बसलं. पण खोलीतल्या सगळ्यांना हाच डिस्क खराब असल्याचा पुरावा वाटतो.

१२:४० | २० मिनिटं
‘खराब’ डिस्क फॉरमॅट होते.

दुपारी १:००
निकाल लागतो. फेरतपासणीत उत्तीर्ण झालेली मुलं नापास दिसतात.

३:१०
कोणीतरी पहिल्यांदा ऑडिट लॉग उघडतं. सकाळी १०:४० ची ओळ तिथेच आहे: मागणारी सेवा ‘मायएसक्यूएलडी_टी’, फोल्डराचं लेबल ‘डिफॉल्ट_टी’, निर्णय ‘डिनाइड’. पुसलेला डेटा शाबूत होता.

हे टळलं असतं ते असं
रात्री ११:४० ला ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने ‘/डेटा’चं लेबल धोरणात नोंदवायचं आणि मग ‘रिस्टोरकॉन’ने ते फायलींवर लावायचं. या दोन आज्ञांनी झालेलं काम सकाळच्या रीलेबलिंगमध्येही टिकलं असतं. सकाळी ‘एलएस’ला मोठा झेड जोडून पाहिलं असतं, तर चुकीचं लेबल क्षणात दिसलं असतं. एसईलिनक्स दोन मिनिटांपुरतं ‘परमिसिव्ह’, म्हणजे न अडवता नुसतं नोंदवणारं, करून पाहिलं असतं, तरी डेटा धडधाकट असल्याचं कळलं असतं. एसईलिनक्स कायमचं बंद करणं हा मात्र उपाय नव्हे. उद्या वेबसाइटमधून कोणी घुसला, तर त्याला सर्व्हरच्या बाकीच्या भागापासून अडवणारी भिंत हीच आहे.

सर्व्हर नकार देतो तेव्हा बहुतेक वेळा कारणही लिहून ठेवतो. ते वाचल्याशिवाय डेटा पुसायचा नाही, हा नियम लेखी असायला हवा आणि प्रत्येक पाळीने पाळायला हवा. त्या फायलींमध्ये मुलांचं वर्ष असतं.