सोल्डर पक्का, क्रिंप कच्चा?

हॅम मंडळींमध्ये एक मत जवळजवळ सूत्रासारखं सांगितलं जातं: गाडीतल्या रेडिओला वीज पोचवणारा जोड सोल्डर मारलेला असावा, लग दाबून केलेला जोड, म्हणजे क्रिंप, हे घाईचं काम. चेन्नईत अण्णा नगरला राहायला आलो तेव्हा मीही याच मताचा होतो. ते आता मला चुकीचं वाटतं. पण खोडण्याआधी ते नीट मांडायला हवं, कारण त्यामागे विचार आहे.

पूर्वपक्ष असा. सोल्डर वितळून तारेच्या धाग्याधाग्यांत शिरतो, फट उरत नाही. क्रिंपमध्ये धातूवर धातू नुसता दाबलेला, त्यामुळे गाडीच्या हादऱ्यांनी तो सैल पडणार. त्यात चेन्नईची दमट, खारी हवा. दाबलेल्या जोडात ती शिरणार आणि तांबं हिरवं पडणार. शिवाय सोल्डरिंग आयर्न घरोघरी असतं, चांगलं क्रिंपिंग टूल महाग पडतं.

पहिला मुद्दा हादऱ्यांचा. सोल्डर जोडापुरता थांबत नाही. तो तारेत वर चढतो. जिथपर्यंत चढला तिथपर्यंत तार कडक सळई होते, पुढे ती मऊच राहते. गाडी हलली की सगळा वाक या सीमारेषेवर येतो आणि धागे तिथेच तुटतात. म्हणजे जोड पक्का राहतो, तार जाते. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं. राउंडटाणाच्या सिग्नलला उभा असताना ऐकायला स्वच्छ येत होतं. बोलण्यासाठी पीटीटीचं बटण दाबलं की सेट बंद. घरी येऊन स्लीव्ह कापली. आतला सोल्डर चांदीसारखा चकचकीत होता, माझ्या हातचा, अभिमान वाटावा असा. तो संपतो तिथून दोन मिलिमीटरवर सगळे धागे तुटून टोकं एकमेकांना नुसती टेकली होती.

मग ऐकायला कसं येत होतं? ५० वॅटचा व्हीएचएफ सेट ऐकताना साधारण अर्धा अँपिअर घेतो, बोलताना १२च्या आसपास. टेकलेल्या टोकांचा रोध ०.०५ ओहम धरा. ऐकताना जोडावर ०.०२५ व्होल्ट पडतात. कुणाच्या लक्षातही येणार नाही. बोलताना ०.६ व्होल्ट पडतात आणि ७.२ वॅट उष्णता त्या बोटभर जागेत तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नची ताकद २५ वॅट असते. त्याच्या चौथाईहून जास्त आच डॅशबोर्डखाली, प्लॅस्टिकमध्ये. तापल्यावर संपर्क आणखी बिघडतो, रोध वाढतो, सेटपर्यंत पुरेसे व्होल्ट पोचतच नाहीत.

दुसरा मुद्दा खाऱ्या हवेचा. योग्य मापाच्या टूलने दाबलेला क्रिंप हॅकसॉने आडवा कापून, घासून भिंगाखाली पाहा. गोल धागे गोल राहिलेले नसतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी होऊन एकमेकांना चिकटलेले असतात. मध्ये हवेला जागाच नाही, मग हिरवं पडणार काय? तरी शंका असेल तर आत डिंक असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवावी. आणि क्रिंप खरोखरच हादऱ्यांनी सुटत असता, तर तुमची गाडी कारखान्याबाहेर पडली नसती. तिच्या हार्नेसच्या कनेक्टरमधली जवळजवळ सगळी टर्मिनल्स दाबलेलीच असतात.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. क्रिंपची बदनामी उगाच झालेली नाही. ती पकडीने केली आहे. माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर मी पॉवरपोल कनेक्टरच्या पिनांना जुळणारं टूल मागितलं, तर दुकानदाराने हातात पक्कड ठेवली. "सार, इदु पोदुम." हे पुरे आहे! पकडीने चेपलेल्या पिनेपेक्षा नीट मारलेला सोल्डर केव्हाही बरा. घरातल्या टेबलावर, तार हलत नसेल तिथे, सोल्डरला माझी हरकत नाही. पण क्रिंपवर वरून सोल्डरही मारायचा, ही तडजोड नको. त्याने तारेचा कडकपणा परत येतो, आणि पॉवरपोलच्या पिनेवर सोल्डरचा एक थेंब जास्त झाला तर ती कनेक्टरच्या घरात टक् करून बसतच नाही.

तिसरा मुद्दा खर्चाचा. टूल महाग खरं, पण माल पारखून घेतला तर पैसे वाचतात. पॉवरपोलच्या १५, ३० आणि ४५ अँपिअरच्या पिना एकाच घरात बसतात. तारेच्या जाडीप्रमाणे पिन घ्यावी, भाव बघून नाही. पिनेला चुंबक लावून पाहावा. चिकटला तर ती तांब्याची नाही. तारेचा एक धागा ब्लेडने खरवडावा. आत पांढरं दिसलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याची वाहकता शुद्ध तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, आणि दाब सहन करण्यातही ते कच्चं. चार मीटर अंतरावरच्या बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन आठ मीटर तार होते. अडीच चौरस मिलिमीटरच्या अस्सल तांब्यातही १२ अँपिअरला पाऊण व्होल्ट गळतो. मुलाम्याच्या तारेत एक व्होल्टहून जास्त. फ्यूज बॅटरीजवळच हवा, नाहीतर वाटेत तार घासून उघडी पडली की प्रवाह अडवणारं कुणी नाही.

उरतो प्रश्न पक्केपणाच्या कसोटीचा. आपण जोड खेचून पाहतो, चकाकी पाहतो, सेट बंद असताना मीटर लावून साडेबारा व्होल्ट दिसले की समाधान मानतो. माझा तुटलेला जोड या तिन्ही परीक्षा पास झाला असता: सोल्डर चकचकीत होता, स्लीव्हने तार धरून ठेवली होती, आणि बिनभाराच्या मीटरला अशी खोट दिसत नाही. खरी परीक्षा भाराखाली. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक जोडाच्या अलीकडे, दुसरं पलीकडे लावा, आणि अँटेनाऐवजी डमी लोड लावून पीटीटी दाबा. काही मोजके मिलिव्होल्ट दिसले तर जोड उत्तम. शेकड्यात आकडा गेला तर तो कापून नवा करा, मग तो सोल्डरचा असो की क्रिंपचा.